सहाव्या वर्तुळातला हिरवा उजेड

मित्रांनो, तपासणीच्या खोलीत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर निळ्या चौकड्याच्या कापडाखाली जे काही जाडजूड बसलेलं दिसतं ना, तो मी. वय विचाराल तर एकतीस. माणसांत हे ऐन उमेदीचं वय, पण आम्हा मायक्रोस्कोपांत मी केव्हाच आजोबा झालो. पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात. इथल्या काचसामान धुणाऱ्या मावशी मात्र मला ठोंब्या म्हणतात. मला हे दुसरं नाव जास्त आवडतं. का आवडतं, ते सांगायचं तर सगळी हकीकतच सांगावी लागेल.

माझा जन्म एका शांत कारखान्यात झाला. तिथे कामाच्या वेळी बोलायची बंदी होती, कारण बोलताना थुंकीचे कण उडतात आणि भिंगावर डाग पडतो. माझी भिंगं घासणारे कारागीर तोंडाला फडकं बांधून दिवसभर गप्प बसत. एकेका भिंगाला त्यांनी तीन-तीन दिवस घेतले. मला खोक्यात घालायच्या दिवशी त्यांनी फडकं खाली केलं, मला एकदा शेवटचं पुसलं आणि म्हणाले, "जा बाबा. असेल ते खरं दाखव." सांग म्हणाले नाहीत, दाखव म्हणाले. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

मला ज्या खोलीत आणून ठेवलं ती पूर्वी रुग्णालयातल्या चादरींची कोठी होती. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, कारण माझं काम अंधारातच चालतं. माझ्यासमोर पहिल्यांदा बसली ती पंचवीस वर्षांची, जाड चष्म्याची एक मुलगी. तिने चष्मा काढला, माझ्या डोळ्यांना डोळे लावले आणि पहिली पाच मिनिटं स्वतःच्याच पापण्या बघत बसली. नव्या माणसाचं असंच होतं. पुढे तीच या खोलीची सर्वेसर्वा झाली आणि सगळे तिला मोठ्या बाई म्हणू लागले. आता मीही बाईच म्हणतो, नाहीतर उगाच राग यायचा.

माझं काम काय, ते आधी ऐका. तुमच्या रक्तात पहारेकरी असतात. बाहेरून रोगजंतू आला की ते त्याला धरतात. पण कधीकधी या पहारेकऱ्यांचं डोकं फिरतं आणि ते घरच्याच माणसाला चोर समजून धरू लागतात. मग कुणाची बोटं सुजतात, कुणाला सकाळी कंगवा धरवत नाही, कुणाचं कातडं आवळत जातं, कुणाच्या मूत्रपिंडावर घाला पडतो. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे घरचे म्हणतात, जरा फिरत जा म्हणजे बरं वाटेल. आजार ओळखायलाच कितीतरी वर्षं निघून जातात.

असे बहकलेले पहारेकरी रक्तात आहेत का, हे शोधायची एक युक्ती आहे. काचेच्या एका पट्टीवर बारा छोटी वर्तुळं असतात आणि प्रत्येकात पेशींचा पातळ थर असतो. दोन वर्तुळं पट्टी नीट झाली की नाही ते पडताळायची, उरलेली दहा वर्तुळं दहा माणसांची. प्रत्येकाच्या रक्तातलं पिवळसर पाणी आपापल्या वर्तुळावर सोडायचं. पहारेकरी बहकलेले असले तर ते पेशींना घट्ट चिकटतात. मग पट्टी बरणीतल्या पाण्यात धुवायची, म्हणजे न चिकटलेलं सगळं वाहून जातं. मग पहारेकऱ्यांनाच तेवढा धरणारा एक रंग घालायचा, पुन्हा धुवायचं आणि पट्टी माझ्याखाली सरकवायची. माझ्या निळ्या दिव्यात तो रंग काजव्यासारखा हिरवा पेटतो.

पण हा उजेड फार लाजरा. बघता बघता विझतो, आणि जितकं टक लावून बघाल तितका लवकर विझतो. म्हणून बाईंना ज्यांनी शिकवलं त्या सरांनी काही दंडक घालून दिले होते. आधी दहा मिनिटं अंधारात नुसतं बसायचं, म्हणजे डोळे तयार होतात. एका वर्तुळाकडे मिनिटभरच बघायचं. बघितलं की लगेच माझा पडदा पाडायचा आणि जे दिसलं ते हिरव्या पेन्सिलीने वहीत काढायचं. मग निकाल चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायचं. दुसऱ्या वाचणारीने तीच पट्टी स्वतंत्रपणे वाचून आपली चिठ्ठी टाकायची. रुग्णाचं नाव कुणालाच कळू द्यायचं नाही, फक्त नंबर. ओळखीचं नाव दिसलं की नजर बिघडते, असं सर म्हणत.

आणखी एक दंडक होता. "घरात बघा, अंगणात नाही." पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, ते घर. भोवतीचं पेशीद्रव्य म्हणजे अंगण. ही चाचणी घरासाठीची. घर हिरवं झालं तर आजाराची शंका घ्यायची. घरात काळोख आणि अंगणात हिरवी भुकटी दिसली, तर पट्टी नीट धुतली गेली नाही असं समजायचं. बाई चित्रात ती भुकटी इमानदारीने काढत, शेजारी समासात "धुणं सदोष" असं लिहीत आणि चिठ्ठीवर निगेटिव्ह. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

मी नऊ वर्षांचा असताना मावशी आल्या. माझं प्लॅस्टिकचं झाकण तेव्हा चिरफाळून गेलं होतं. मावशींनी दोरी घेऊन माझी मापं घेतली. "बाई, याला मानच नाही हो. खांद्यावर एकदम डोळेच," असं म्हणत त्या खूप हसल्या आणि जुन्या पडद्याचं निळं चौकड्याचं कापड घेऊन त्यांनी मला हे झाकण शिवलं. एक सांगतो, कारखान्यातून निघाल्यापासून माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं. मी उंच ओट्यावर बसायचो. दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने मावशी यायच्या, माझ्या दिव्याच्या पेटीजवळ तळहात धरायच्या आणि विचारायच्या, "निवला का रे ठोंब्या?" गरम पेटीवर कापड घातलं तर जळतं ना, म्हणून. मग झाकण दोन्ही हातांत धरून ते डोक्याच्याही वर न्यायच्या आणि अलगद खाली सोडायच्या. सतरा वर्षं रोज.

धुण्याचा मावशींना मोठा अभिमान. बरणी धुऊन उजेडात तिरपी धरायच्या. पाणी थेंबाथेंबाने अडकून राहिलं तर बरणी पुन्हा मोरीत. सरसर एकसंध उतरलं तरच ती ओट्यावर. त्यांच्या बरण्यांना कुणी बोट लावण्याची सोय नव्हती.

माझेही ते सुखाचे दिवस होते. लांबलांबचे डॉक्टर माझ्यातून बघायला यायचे. या सांध्यांच्या आजारांवर आमच्या रुग्णालयात संशोधन चालायचं. त्याचं काम बघणारे डॉक्टर कोटाची एकच बाही घालून धावत यायचे, म्हणून मावशींनी त्यांचं नाव ठेवलं घाईवाले डॉक्टर. एकदा त्यांचा लेख छापून आला. त्यात मी दाखवलेल्या पेशींचे फोटो होते आणि तळाशी बारीक अक्षरात माझ्या कंपनीचं नाव होतं. मी फुगलो नसतो तरच नवल. मावशींना तो लेख दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि धुणारीचं नाव कुठाय?" सगळे हसले. मीही हसलो होतो.

मी सव्वीस वर्षांचा असताना मावशींचं काहीतरी बिनसायला लागलं. आधी मला कापडावरून कळलं. त्यांच्या बोटांच्या कडांना भेगा पडल्या होत्या आणि झाकणाचे दोरे त्यांत अडकायचे. मग श्वासावरून कळलं. माझे डोळे पुसताना त्या भिंगावर हलकी फुंकर घालायच्या. पूर्वी एका फुंकरीत काम व्हायचं, आता तीन लागू लागल्या. मधूनमधून ताप यायचा, सकाळी बोटं वळायची नाहीत. भेगा साबणाच्या, असं सगळे म्हणाले. धाप जिन्याची, असंही म्हणाले. दुखणं वयाचं, हे तर मावशी स्वतःच म्हणाल्या. तीन दुखण्यांना तीन कारणं मिळाली आणि जो तो आपल्या कामाला लागला.

घाईवाल्या डॉक्टरांनी तेवढं एक केलं, त्यांना आमची तपासणी लिहून दिली. त्या सकाळी मावशी खोलीत कुणी नसताना माझ्याजवळ आल्या.

"ठोंब्या, आज माझंही रक्त येणार बरं का तुझ्याकडे. नळी सहाव्या खाचेत ठेवलीय, म्हणजे सहावं वर्तुळ. बाईंना सांगायचं नाही, नियम म्हणजे नियम. पण तू मात्र नीट बघ."

मित्रांनो, त्या दिवशी मी दिवा लागायच्या आधीच सज्ज होऊन बसलो.

बाई दहा मिनिटं अंधारात बसल्या. मग त्यांनी एकेक वर्तुळ बघायला घेतलं. सहाव्याला मी जीव ओतला. भिंग कारागिराने दिलं होतं तसं लख्ख होतं, दिवा पुरेपूर होता. घरात काळोख होता. पण अंगणभर बारीक हिरवी भुकटी पसरली होती, प्रत्येक पेशीच्या अंगणात, अगदी स्पष्ट. बाईंची नजर तिथे थांबली, हे मला कळलं. मला वाटलं, आता. आणि बाई पुटपुटल्या, "मावशींनी आज बरण्या घाईत धुतल्या वाटतं." त्यांनी पडदा पाडला, वहीत भुकटीचे ठिपके न कंटाळता काढले, समासात "धुणं सदोष" लिहिलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली. दुसऱ्या वाचणारीचीही चिठ्ठी तीच निघाली. दोन चिठ्ठ्या जुळल्या की सगळ्यांना हायसं वाटायचं. पण दुसरीलाही बाईंनीच शिकवलेलं, मग जुळणारच की. इतक्या वर्षांत हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

दुपारी मावशी पट्ट्या गोळा करायला आल्या, तेव्हा बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, आज बरण्या जरा गडबडीत झाल्या का? सहाव्या वर्तुळात अंगण हिरवं आलंय."

मावशी ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सहावं वर्तुळ कुणाचं, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीने नियम पाळायचा ठरवलं होतं.

"झालं असेल, बाई," त्या म्हणाल्या. "हात चालत नाहीत हल्ली. उद्यापासून दोनदा धुते."

चार दिवसांनी घाईवाले डॉक्टर जिन्यातच त्यांना भेटले आणि म्हणाले, "मावशी, रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे चांगलंच आहे. काम जरा कमी करा." मावशींनी काम कमी केलं नाही. उलट बरण्या आधी दोनदा, मग तीनदा, मग चारदा धुवायला लागल्या. भेगा वाढल्या. कातडीच्या डॉक्टरांनी रबरी हातमोजे दिले. धाप वाढत गेली. मला झाकताना त्या आधी टाचा उंचावू लागल्या, मग पायाखाली एक खोकं घेऊ लागल्या. हे सगळं मी रोज बघत होतो. असेल ते खरं दाखव, असं मला सांगितलं होतं. मी दाखवलं होतं. त्यापुढे काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला स्वतःचा फार राग यायचा.

असे चार महिने गेले. एका दुपारी बाई माझा दिवा किती तास जळला ते वहीत लिहीत बसल्या होत्या. मावशी आल्या, तळहात धरून त्यांनी विचारलं, "निवला का रे?" झाकण उचललं. हात छातीपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा उचलले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर खालून ढकललं. झाकण जमिनीवर पडलं आणि मावशी स्टुलावर बसल्या.

"ठोंब्या, तूच जरा वाक की रे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

बाई आधी हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, टेबलाचा दिवा लावला आणि मावशींचे हात त्या उजेडात ओढून घेतले.

"मावशी, हातमोजे घालता ना?"

"दोन महिने झाले. जेवताना आणि झोपताना तेवढे काढते."

"आणि घरचं धुणं?"

"लेक करते सगळं. मला बालदी कुठे उचलतेय आता? साबणाला उघडा हात लागून जमाना झाला, बाई."

बाई त्या भेगांकडे बघत राहिल्या. बोटांच्या कडांना काळसर रेघा होत्या आणि काही अगदी ताज्या होत्या.

"मग या साबणाच्या कशा असतील?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"मला काय ठाऊक? माझा तर माझ्यावरचा भरवसाच उडालाय." मावशींनी हात सोडवून घेतले. "चार-चारदा धुते बरण्या. डोळ्यांत तेल घालून धुते. सतरा वर्षं सगळ्यांचं धुतलं आणि नेमकं माझं मला धुता आलं नाही नीट."

"तुमचं म्हणजे?"

मावशी जरा घुटमळल्या. "आता बोललं तर चालेल ना? रिपोर्ट येऊन गेलाय. ते सहावं वर्तुळ माझंच होतं, बाई. तुम्ही म्हणालात ना, अंगण हिरवं आलं."

बाई उठल्या, कपाटातून त्या महिन्याची वही काढली आणि ते पान उघडून टेबलाच्या दिव्याखाली धरलं. पट्टीवरचा उजेड केव्हाच विझला होता, पण चित्र होतं. बारा वर्तुळं ओळीने काढलेली. बाईंनी एकेका वर्तुळावर बोट ठेवत पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं.

"मावशी, ही बारा वर्तुळं एकाच पट्टीवरची ना?"

"हो तर."

"पट्टी एक, बरणी एक, पाणी एक. अकरांच्या अंगणात काळोख आहे. फक्त सहाव्यात उजेड. धुणं सदोष असतं, तर बाराच्या बारा अंगणं हिरवी व्हायला नकोत?"

मला वाटलं, मावशी आता डॉक्टरांचं विचारतील, औषधांचं विचारतील. मावशींनी विचारलं ते मात्र भलतंच.

"म्हणजे मी नीट धुतलं होतं?"

"नीट धुतलं होतं, मावशी," बाई म्हणाल्या. "मीच नीट वाचलं नाही. ती भुकटी म्हणजे अंगणाला चिकटलेले पहारेकरीच असणार. सव्वीस वर्षं अंगणाकडे बघत होते आणि दोष धुण्याला देत होते."

"द्या की मग आता त्या ठोंब्याला दोष," मावशी म्हणाल्या आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. माझी त्याला काहीच हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी घाईवाले डॉक्टर कोटाच्या दोन्ही बाह्या घालून आले आणि तासभर बसले. त्यांनी मावशींना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांना उठता आलं नाही. पाठीला नळी लावून त्यांनी फुप्फुसाचा तळ ऐकला. तिथे वाळलेली पानं चुरगळल्यासारखा आवाज येत होता. मग त्यांनी मावशींची बोटं एकेक करून बघितली.

"अशा भेगांना आमच्या पुस्तकात मेकॅनिकचे हात म्हणतात," ते म्हणाले. "कष्टाच्या हातांसारखे दिसतात म्हणून. आणि ज्यांचे हात खरंच कष्टाचे असतात, तिथेच आम्ही फसतो."

बर्फपेटीत मावशींच्या रक्तातलं पाणी राखून ठेवलेलं होतं. त्याची नवी पट्टी केली. या वेळी बरण्या बाईंनी स्वतः धुतल्या आणि उजेडात तिरप्या धरून मावशींना दाखवल्या. मावशींनी दोन नापास केल्या. मग अंधार झाला. दहा मिनिटं दोघी शेजारी शेजारी गप्प बसल्या. बाईंनी मिनिटभर बघितलं, आणि या वेळी पडदा न पाडता त्या बाजूला सरकल्या.

"बघा, मावशी. लवकर बघा, विझायच्या आत."

सतरा वर्षं त्यांनी मला पुसलं, झाकलं, हाका मारल्या, पण माझ्यातून कधी बघितलं नव्हतं. कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांनी डोळे लावले. मी आयुष्यात इतकं स्थिर कधी राहिलो नव्हतो.

"छान दिसतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं छान दिसतं आणि माणसाला असं छळतं?" आणि उजेड विझेपर्यंत त्या बघत राहिल्या.

पुढची बारीक तपासणी आठ दिवसांनी आली आणि आजाराला नाव मिळालं. स्नायू, सांधे, फुप्फुसं आणि बोटांच्या भेगा, सगळं त्या एकाच आजाराचं होतं. औषधं सुरू झाली. मावशींचा चेहरा औषधांनी सुजला, झोप उडाली, चिडचिड वाढली. लेक रोज हात धरून त्यांना बागेपर्यंत न्यायची. फुप्फुसाचा एक कोपरा कायमचा कडक झाला, तो काही परत मऊ होणार नाही. पण बाकीचं वाचलं. आणखी वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नसतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी बाईंना सांगितलं. मी ते ऐकलं, पण तुम्हाला सांगत नाही.

आणि मग बाईंनी सगळ्या वह्या खाली काढल्या. सव्वीस वर्षांच्या वह्या. त्या आणि घाईवाले डॉक्टर रोज संध्याकाळी पानं उलटायचे आणि समासात "धुणं सदोष" दिसलं की थांबायचे. काही पानांवर सगळीच अंगणं हिरवी होती. तिथे धुणं खरंच चुकलं होतं. पण एकशे बारा पट्ट्यांवर एकट्या एका वर्तुळाचंच अंगण पेटलेलं होतं. बाईंनी नंबरांवरून नावं शोधली आणि स्वतः फोन लावले. "मी तपासणीच्या खोलीतून बोलतेय. तुमचा रिपोर्ट वाचण्यात माझी चूक झाली असावी. एकदा येऊन जाल का?" प्रत्येक फोनवर हेच वाक्य. बरेच जण ठणठणीत होते, कारण अंगण हिरवं दिसलं म्हणजे आजार असतोच असं नाही. कितीतरी जण सापडलेच नाहीत. नऊ जणांना तोच आजार निघाला. एका फोनवर एक वृद्ध वडील म्हणाले, "ती गेली हो दोन वर्षांपूर्वी. पण तुम्ही फोन केलात, बरं वाटलं." बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पुढचा नंबर लावला नाही.

त्या वर्षापासून आमच्या रिपोर्टात दोन ओळी आल्या, एक घरासाठी आणि एक अंगणासाठी. दुसरी चिठ्ठी लिहायला बाईंनी दुसऱ्या गुरूकडे शिकलेलं माणूस आणलं. या कामाचा लेख छापून आला तेव्हा त्यात माझ्या कंपनीचं नाव नव्हतं, म्हणून जरा वाईट वाटलं. पण शेवटच्या आभारात धुणारीचं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट. मावशींनी ते पान लेकीकडून तीनदा वाचून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी एक नवं यंत्र आलं. त्याला कॅमेरा आहे, ते पडद्यावर चित्र दाखवतं, त्याचा दिवा तापतही नाही. ते चांगलं आहे, हे मी मान्य करतो. अगदी मनापासून करतो असं नाही, पण करतो. मला ओट्यावरून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. हलवाहलवीत माझं झाकण कुठेतरी पडलं. वर धूळ साचू लागली. ज्या भिंगांसाठी एक माणूस कितीतरी दिवस गप्प बसला होता, त्यांच्यावर बुरशीचा एक बारीक कोंब आला. कुणी माझ्याकडे मान वर करून बघत नव्हतं, आणि बाईंची निवृत्ती तोंडावर आल्यामुळे त्यांना सवड नव्हती.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार मागत नाही. तुमच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपाला काम झाल्यावर झाकत जा, भिंगाला बोट लावू नका. जे दिसेल ते वहीत काढा, ते तुमच्या पुस्तकात बसत नसलं तरी काढा. बाईंनी ते ठिपके काढले नसते तर मी एकटा काय करणार होतो? आणि तुमच्या घरात, शाळेत कुणी रोज हाताने काम करत असेल तर एकदा त्यांचे हात उजेडात धरून बघा. दुखतं का, असं विचारा. उत्तर "वयाचं आहे" असं आलं तर पुन्हा एकदा विचारा.

गेल्या आठवड्यात दुपारी कपाटाखाली पावलं वाजली. मावशी होत्या. त्या आता धूत नाहीत, नव्या माणसांना धुवायला शिकवतात आणि अर्ध्या बरण्या नापास करतात. माझं झाकण त्यांना कुठल्याशा खणात सापडलं होतं. धुऊन, इस्त्री करून आणलं होतं. त्यांनी आधी भिंगं पुसली. फुंकरी दोन लागल्या. मग झाकण दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या. ही फळी ओट्यापेक्षा हातभर उंच आहे आणि खोकं तिथे नव्हतं. हात छातीपर्यंत आले. खांद्यापर्यंत आले. तिथे ते अडले आणि मला ती दुपार आठवली. मग ते वर गेले, चेहऱ्यावरून, कपाळावरून, पार डोक्याच्या वर.

झाकण सोडायच्या आधी मात्र मावशी थबकल्या. माझा दिवा पेटून दोन वर्षं झाली होती. तरी त्यांनी झाकण एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताचा तळवा पेटीजवळ धरला आणि विचारलं, "निवला का रे ठोंब्या?"